नागपूरच्या जमिनीतला लहरींचा वेग आणि भूकंपाचा धोका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीतल्या लहरींचा वेग मोजायला रस्त्याच्या कडेला केबल अंथरून घण मारायला लागलो की दहा मिनिटांत माणसं जमतात. "बोरिंग मारून राहिले का?" "मेट्रो इकडून येणार का?" मग कुणीतरी जरा थांबून विचारतं, "आपल्याकडे भूकंप येते का हो?" ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याची थरथर नागपुरातही जाणवली. तेव्हापासून हा शेवटचा प्रश्न जास्त येतो. खाली दिलेले प्रश्न त्या घोळक्यातले आहेत, प्लॉटधारकांचे आहेत आणि काही स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींचेही आहेत.

नागपूर तर झोन २ मध्ये आहे. मग हे मोजमाप कशाला?

आय. एस. १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. या झोनसाठी धक्क्याच्या जोराचा गुणांक ०.१० धरतात, पुणे-मुंबईच्या झोन ३ साठी ०.१६. हे खरं आहे आणि त्याचा दिलासा वाटणंही रास्त आहे. पण झोनचा नकाशा अख्ख्या प्रदेशाबद्दल बोलतो. सीताबर्डीच्या टेकडीवरचं घर आणि बेसा-हुडकेश्वरकडच्या काळ्या शेतात पडलेल्या ले-आउटमधलं घर, दोन्ही त्याच्या लेखी एकच. तुमच्या पायाखालची माती तीन मीटर आहे की दहा, हे तो नकाशा सांगत नाही. ते त्याचं कामच नाही.

दुसरं म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून झोपलेली गावं ढिगाऱ्याखाली गेली. तीव्रता ६.२. त्या वेळच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये होता, सगळ्यात सुरक्षित. २००२ मध्ये नकाशा सुधारला आणि झोन १ कायमचा काढून टाकला. नागपूरच्या उत्तरेला सातपुड्यातून सोन-नर्मदेचा भंगलेला पट्टा जातो. त्याच पट्ट्यात २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला. जबलपूर इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे.

नागपूरचा धोका कमी आहे, हे मी मनापासून मानतो. तरी भूकंप कधी, कुठे आणि केवढा होईल हे कुणालाच आधी कळत नाही. जमीन कशी आहे, हे मात्र आजच कळू शकतं. जे कळू शकतं ते न मोजता घर बांधणं मला पटत नाही.

वेग म्हणजे नक्की कशाचा वेग?

जमिनीतून जाणाऱ्या एस लहरीचा, म्हणजे शिअर वेव्हचा. ही लहर मातीचे कण पुढे-मागे न ढकलता आडवे हलवते. भूकंपात इमारतीला सर्वांत जास्त त्रास देणारी हालचाल याच जातीची असते. माती जितकी घट्ट तितकी ही लहर वेगात जाते, आणि मातीचा ताठपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट, तर ताठपणा चौपट. ज्या काळ्या मातीत लहर सेकंदाला १५० मीटर जाते, तिच्यापेक्षा ३०० मीटर जाणारा मुरूम चारपटीने ताठ आहे.

पी लहर, म्हणजे कणांना पुढे-मागे ढकलत जाणारी लहर, मोजणं सोपं असतं, मग तीच का नाही मोजत, असं इंजिनिअरिंगचे विद्यार्थी विचारतात. कारण पाणी. पाण्यात पी लहर सेकंदाला सुमारे १५०० मीटर जाते. मातीत पाणी भरलं की मऊ चिखलातही पी लहरीचा वेग तेवढा दिसू लागतो आणि जमीन टणक असल्याचा भास होतो. एस लहर पाण्यातून जातच नाही, त्यामुळे तिला मातीचा सांगाडाच जाणवतो. पावसाळ्यात हातभर खणल्यावर पाणी लागणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

मऊ जमिनीत धक्का वाढतो कसा?

संध्याकाळी वर्धा रोडने सीताबर्डीकडे या. मोकळ्या रस्त्यावर गाड्या अंतर ठेवून सुसाट येतात, पुढे वेग कमी झाला की एकमेकींना खेटून गर्दी करतात. लहरीचंही असंच होतं. खडकातून वेगाने आलेली ऊर्जा मऊ मातीत शिरली की तिचा वेग घटतो. ऊर्जा तर तेवढीच असते, म्हणून ती कमी जागेत दाटते आणि जमीन जास्त हलते. त्यात वर मोकळा पृष्ठभाग आणि खाली कडक खडक, यांच्यामध्ये लहर अडकून फेऱ्या मारत राहिली तर हेलकावे आणखी वाढतात.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे होतं, पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला होता. तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलला आणि त्या लयीला जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तिथे साबरमतीच्या खोल गाळासोबत बांधकामातले दोषही तितकेच जबाबदार होते.

नागपूरच्या खाली आहे तरी काय?

या प्रश्नावर मी कितीही वेळ बोलू शकतो. एवढ्या लहान परिघात इतक्या जातीची जमीन असलेली शहरं थोडी आहेत.

पश्चिमेला दख्खनचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. सेमिनरी हिल्स, अंबाझरीचा परिसर आणि सीताबर्डीची टेकडी ही सगळी त्याचीच. पूर्वेकडे जाताना बेसॉल्ट संपतो आणि खाली अतिप्राचीन नाइस खडक लागतो, पण तो वरच्या जाड मातीखाली दडलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही. उत्तरेला कामठीकडे गोंडवन काळातला वालुकाश्म आणि कन्हानचा गाळ. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात टाकळीच्या थरांतून जीवाश्म वेचले होते. ते थर लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळाचे आहेत.

आमच्या मोजणीला हे मधले थर जड जातात. वर कडक बेसॉल्ट, खाली मऊ गाळाचा किंवा लाल गेरूसारखा पट्टा, त्याखाली परत बेसॉल्ट. जुन्या अपवर्तन पद्धतीला, म्हणजे रिफ्रॅक्शनला, हा मधला मऊ थर दिसतच नाही, कारण वेगवान थराखालच्या मंद थरातून लहर वाकून वर येत नाही. बोअर मारणाऱ्यालाही "दगड लागला" एवढंच कळतं.

सगळ्यात वर काळी कापूसमाती. कुठे अर्धा मीटर, कुठे सहा-सात मीटर. तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला दगड, मग पक्का दगड. ढोबळ अंदाज द्यायचा तर काळ्या मातीत एस लहर सेकंदाला १०० ते २०० मीटर जाते, मुरुमात ३०० ते ५००, झिजलेल्या बेसॉल्टमध्ये ५०० ते ९००, आणि पक्क्या बेसॉल्टमध्ये १५०० च्या पुढे. म्हणजे दहा मीटरच्या आत वेग दसपट होऊ शकतो. हा मोठा फरकच नागपूरच्या जमिनीचा स्वभाव आहे.

यात माणसाने केलेली भर वेगळी. बुजवलेले नाले, मलब्याने भरलेल्या जुन्या खदानी, विहिरी. त्या कुठल्याच भूशास्त्रीय नकाशात नाहीत.

प्रत्यक्ष मोजता कसं?

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत एमएएसडब्ल्यू, म्हणजे अनेक जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे छोटे सेन्सर) लावून पृष्ठलहरींचा अभ्यास. अमेरिकेतल्या कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी १९९९ मध्ये ती मांडली. सरळ रेषेत २४ जिओफोन जमिनीत रोवायचे, एक-दोन मीटर अंतरावर. रेषेच्या टोकापासून थोडं दूर लोखंडी प्लेट ठेवायची आणि तिच्यावर आठेक किलोचा घण मारायचा. घणाच्या दांड्याला लावलेला ट्रिगर त्याच क्षणी यंत्राला "सुरू" सांगतो. एकाच जागी पाच-सात ठोके मारून नोंदी एकमेकींवर चढवल्या की रहदारीचा आवाज दबतो आणि ठोक्याची लहर उठून दिसते.

यंत्र नोंदवतं ती रॅले लहर, पृष्ठभागाच्या कडेने जाणारी. तिचा वेग एस लहरीच्या साधारण ९२ टक्के असतो. तिच्या आखूड लांबीच्या लहरी वरच्या मातीपुरत्याच राहतात, लांब लहरी खोलवर हात घालतात. त्यामुळे वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी वेगवेगळ्या वेगाने येतात. त्या वेगांचा आलेख काढायचा आणि मग उलट्या दिशेने गणित करून कोणत्या खोलीवर कोणता वेग असेल ते शोधायचं. सगळं सुरळीत चाललं तर एक रेषा तासाभरात होते.

खोलीची मर्यादा आहे. दोन मीटर अंतराने २४ जिओफोन म्हणजे ४६ मीटरची रेषा, तिच्यातून साधारण वीस ते तीस मीटरपर्यंतचं कळतं. पण सेमिनरी हिल्ससारख्या जागी दगड लगेच लागतो, लहरी फार लांब होतात आणि घणाचा ठोका अपुरा पडतो. तिथे रेषा लांबवावी लागते, जड वजन वरून टाकावं लागतं किंवा बोअरमध्ये जिओफोन सोडून डाउनहोल चाचणी करावी लागते.

डांबरी रस्त्यावर जिओफोनचा खिळा रोवता येत नाही, त्याला खाली सपाट पाया लावतो. रहदारी फारच असेल तर रात्री अकरानंतर जातो. त्या वेळी शहर किती हलत असतं हे स्क्रीनवर दिसतं. दूरवरून एक ट्रक येतो आणि चोवीसही रेघा एकामागून एक थरथरतात.

उन्हाळ्यात मोजावं की पावसाळ्यात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारला पाहिजे. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात हाताचा पंजा सहज जातो. खिळा रोवला तर ढेकूळच हलतं, जिओफोनला जमिनीची पकड मिळत नाही. पकड मिळाली तरी वाळून कडक झालेली माती वेग जास्त दाखवते. तीच माती ऑगस्टमध्ये फुगून लोण्यासारखी होते आणि वेग खाली येतो. भूकंप ऋतू पाहून येत नाही, म्हणून माती ओली असताना, पाऊस संपता-संपता मोजलेला आकडा हिशेबाला धरावा असं माझं मत आहे. दोन्ही ऋतूंत मोजता आलं तर उत्तमच. अहवालात मोजणीची तारीख नसेल तर मागून घ्या.

व्हीएस-३० हा आकडा काय असतो?

वरच्या ३० मीटरमधला एस लहरीचा सरासरी वेग. ही सरासरी साधी नाही, वेळेवरून काढलेली आहे. पाच मीटर काळी माती, वेग १५०. त्याखाली पाच मीटर मुरूम, वेग ४००. त्याखाली वीस मीटर दगड, वेग १२००. लहरीला मातीत ०.०३३३ सेकंद लागतात, मुरुमात ०.०१२५, दगडात ०.०१६७. एकूण ०.०६२५ सेकंद. ३० भागिले ०.०६२५ म्हणजे ४८० मीटर प्रतिसेकंद. साधी सरासरी काढली असती तर जवळजवळ ८९० आली असती आणि जमीन खडक असल्याचं वाटलं असतं. एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ वरच्या पाच मीटर मातीतच गेला, हे लक्षात घ्या.

अमेरिकेच्या एनईएचआरपी या भूकंपाचा धोका कमी करण्याच्या कार्यक्रमाच्या वर्गवारीत ७६० ते १५०० म्हणजे खडक, ३६० ते ७६० म्हणजे अतिघट्ट माती किंवा मऊ खडक, १८० ते ३६० घट्ट माती, आणि १८० च्या खाली मऊ माती. भारतातले अभ्यासकही हीच वर्गवारी सर्रास वापरतात.

पण नागपुरात या एका आकड्यावर विसंबून राहू नका, असं मी आग्रहाने सांगतो. हा आकडा खोल गाळाच्या प्रदेशात चांगला चालतो. आपल्याकडे माती उथळ आणि खाली लगेच दगड. वरच्या उदाहरणातले ४८० ऐकायला चांगले वाटतात, पण त्यात १५० वेगाची पाच मीटर माती लपलेली आहे. म्हणून आकड्यासोबत खोलीनुसार वेगाचा पूर्ण आलेख पाहा.

माझं घर फक्त दोन मजली आहे. टॉवरवाल्यांनी घाबरावं, मी कशाला?

मऊ थराची स्वतःची लय असते. थरातला वेग भागिले खोलीच्या चौपट, की त्याची वारंवारता मिळते. काळी माती ७ मीटर आणि वेग १४० असेल तर १४० भागिले २८, म्हणजे ५ हर्ट्झ. एक झोका ०.२ सेकंदाचा. आता घराकडे या. विटांच्या भिंती भरलेल्या चौकटीसाठी आय. एस. १८९३ मधलं सूत्र वापरलं, सात मीटर उंच आणि नऊ मीटर लांब घर धरलं, तर घराचा झोका येतो ०.२१ सेकंदाचा. म्हणजे माती आणि घर एकाच तालात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

तीस मीटर उंच आरसीसी चौकटीचा झोका याच्या चार-पाचपट लांब, एक सेकंदाच्या आसपास असतो. सात मीटर मातीची लय त्याच्याशी जुळत नाही. दूरच्या भूकंपात वरच्या मजल्यांवर जास्त डुलल्यासारखं होतं, ते मुख्यतः इमारतीच्या स्वतःच्या लयीमुळे. त्यामुळे नागपुरात उथळ मातीचा प्रश्न टॉवरपेक्षा एक-दोन मजली घरांचा जास्त आहे. आणि शहराबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये बहुतेक घरं तीच आहेत.

घण न मारता, नुसता एक डबा ठेवूनही मोजतात म्हणे?

हो. तीन दिशांची हालचाल टिपणारा तो सेन्सर असतो. रहदारी, वारा, यंत्रं यांच्यामुळे जमीन सतत बारीक थरथरत असते. आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागलं की जमिनीच्या स्वतःच्या लयीवर एक टोक उभं राहतं. जपानच्या नाकामुरा यांनी १९८९ मध्ये ही पद्धत रूढ केली. अर्धा तास पुरतो, खर्च कमी. खाली कडक दगड आणि वर मऊ माती असल्यावर टोक ठळक येतं, म्हणून आपल्या शहराला ती छान लागू पडते. मात्र तिच्यातून लय कळते, थरांचे वेग कळत नाहीत. दोन्ही पद्धती जोडीने वापराव्यात. जवळ डीजी सेट किंवा पंप चालू असेल तर खोटं टोक उभं राहतं, तेव्हा आधी तो बंद करायला सांगा.

बोअर घेऊन एसपीटी केली आहे. तेवढं पुरत नाही का?

एसपीटी म्हणजे बोअरमध्ये वजन ठोकून नळी आत घालायची आणि त्याला लागलेले ठोके, म्हणजे एन आकडा, मोजायचा. काळ्या मातीपुरती ती चाचणी उपयोगी आहे, आणि आय. एस. १८९३ ची २०१६ ची आवृत्ती जमिनीचा प्रकार तिच्याच एन आकड्यावरून ठरवते. पण मुरूम लागला की चाचणी अडते, अहवालात "रिफ्यूजल", म्हणजे नळी पुढे जात नाही, असं लिहून येतं. तो मुरूम ३५० चा आहे की दगड ९०० चा, याचा पत्ता लागत नाही. शिवाय बोअर एका ठिपक्याचं सांगतो आणि वेगाची रेषा चाळीस-पन्नास मीटरच्या पट्ट्याचं. माझ्या मते दोन बोअर आणि त्यांच्यामधून जाणारी एक रेषा ही मोठ्या इमारतीसाठी किमान तपासणी आहे.

जमीन पातळ होऊन घर खचेल का?

द्रवीकरण होतं ते पाण्याने भरलेल्या सैल वाळूचं. चिकट काळी माती तशी द्रवरूप होत नाही. कन्हानच्या काठच्या वाळूच्या थरांत मात्र हे तपासावं. वरच्या मातीच्या भारानुसार दुरुस्त केलेला एस लहरीचा वेग साधारण २१५ च्या वर असेल, तर स्वच्छ वाळूतही ही शक्यता उरत नाही असं मानतात.

घणाच्या ठोक्याने भिंतीला तडा जाईल?

नाही. शेजारून गेलेला भरलेला टिप्पर जास्त हादरे देतो.

यावरून भूकंपाचं भाकीत होतं का?

होत नाही. कुठल्याच मोजणीवरून होत नाही.

वेगाचा अहवाल हातात आला, तर त्यात काय पाहायचं?

नुसता अंतिम आकडा स्वीकारू नका. मूळ नोंदींची चित्रं, वेग-वारंवारतेचा आलेख आणि त्यावर निवडलेले ठिपके मागा. एकाच आलेखाला जुळणारी थरांची वेगवेगळी मांडणी निघू शकते. जवळच्या बोअरशी ती ताडून पाहिली की नाही, हे विचारा. एका कंपनीचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात चार वेगवेगळ्या प्लॉटचे थर अगदी सारखे होते, कारण सॉफ्टवेअरने सुचवलेली सुरुवातीची मांडणी कुणी बदललीच नव्हती. त्यावर पायाचं डिझाइन होऊन गेलं होतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आणि जागेवरच्या जुन्या माणसांशी बोला. एका ले-आउटमध्ये एक मीटर अंतराने जिओफोन लावले होते. अकरा ते चौदा नंबरच्या रेघा प्रत्येक ठोक्याला उशिरा आणि मंद यायच्या. केबल बदलली, जिओफोन अदलाबदल केले, तरी तेच. समोरच्या घरातल्या आजी कंपाउंडपाशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "तिथं आमची विहीर होती न बाप्पा. प्लॉट पाडले तवा बुजवली." प्लॉटच्या नकाशात विहीर नव्हती. त्या जागी कोपऱ्याचा कॉलम येणार होता.

माझ्या प्लॉटवर काळी माती खोल निघाली. आता काय करू?

विकून टाकण्याची गरज नाही. पाया मुरुमापर्यंत न्या. खोली जास्त असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या बाजूला फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, आपल्याकडच्या ठेकेदारांना चांगले माहीत आहेत. आलेख स्ट्रक्चरल इंजिनिअरला द्या आणि घराची लय मातीच्या लयीपासून दूर ठेवता येते का, ते विचारा. खाली सगळी मोकळी पार्किंग आणि वर भिंतींचे मजले असं करत असाल, तर खालच्या कॉलमना वेगळी ताकद द्यायला सांगा. विटांच्या घराला जोत्यावर, लिंटेलवर आणि छताखाली सलग आरसीसी पट्टे घ्या. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंतींना एकत्र बांधणारं काहीच नव्हतं. किल्लारी परिसरातही काळी जमीन आहे, पण माणसं मेली ती त्या भिंतींखाली.

भूकंपरोधक सळ्यांच्या मांडणीचं मानक आय. एस. १३९२० त्याच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार झोन ३ पासून पुढे बंधनकारक आहे, झोन २ मध्ये ते मालकावर सोडलेलं आहे. तुम्ही ते मागा. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जा, बीम आणि कॉलम जुळतात तिथे वाका. रिंगा तिथे जवळ-जवळ हव्यात आणि प्रत्येक रिंगेचं टोक काटकोनात न सोडता १३५ अंशांपर्यंत आत वळवलेलं हवं. नसेल तर मिस्त्रीला तिथेच वळवायला सांगा, काँक्रीट पडायच्या आधी.